सही करा, व्हिडिओ संपला

एका कारखान्यात माझा आवाज अजून कामाला आहे. मी तिथून सुटून सहा वर्षं झाली, पण आवाजाला त्यांनी सोडलं नसावं. त्याला ना पीएफ लागतो ना चहा. दर सोमवारी नव्या पोरांची खेप गेटातून आत येते, पत्र्याच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसते, भिंतीवरचा टीव्ही लागतो आणि मी सुरू होतो. ‘सुरक्षा ही आपली सामूहिक जबाबदारी आहे. कृपया आपल्या वैयक्तिक संरक्षक साधनांचे परिधान सुनिश्चित करावे.’

हे मी बोललोय. बीड जिल्ह्यातल्या, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा मी. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी कशाचं परिधान केलेलं नाही, सुनिश्चित तर त्याहून नाही. आम्ही कपडे घालतो, चप्पल असली तर घालतो आणि देवाचं नाव घेऊन कामाला लागतो.

झालं होतं असं. मूळ व्हिडिओ इंग्रजीत होता. त्यात गोरी माणसं, कोरी पिवळी हेल्मेटं आणि पान न मांडता जेवावं इतकी स्वच्छ फरशी. एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट येणार होतं आणि त्यांच्या यादीत लिहिलेलं होतं की ट्रेनिंग ‘स्थानिक भाषेत’ पाहिजे. ऑडिटला चार दिवस उरलेले. ठेकेदाराच्या माणसानं लाइनवर येऊन विचारलं, “मराठीत मार्क कुणाला चांगले होते रे?” मी हात वर केला. (ही हात वर करायची खोड शाळेतली. तिची भरपाई अजून चालू आहे.) स्टोअरमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांमागं बसवून, पंखा बंद करून त्यांनी मोबाइलवर माझा आवाज घेतला. हातात दिलेला कागद कुठल्यातरी भाषांतराच्या यंत्रातून निघालेला होता. मी म्हणालो, “साहेब, ‘कार्यरत यंत्राच्या परिघात अवयव प्रविष्ट करू नयेत’ असं इथं आहे. त्याऐवजी ‘प्रेस चालू असताना आत हात घालू नका’ म्हणू का?” साहेब म्हणाले, “जसंच्या तसं वाच. कमीजास्त झालं तर ऑडिटवाला विचारतो.” ऑडिटवाला चेन्नईचा होता. त्याला मराठी येत नव्हतं. चारशे रुपये ठरले होते, ते पुढच्या पगारात लागतील असं सांगितलं. मी अजून पगाराची चिठ्ठी बघतोय.

तर अठरा मिनिटांचा व्हिडिओ. पहिल्या चार मिनिटांत कंपनीचे मोठे साहेब टाय लावून सांगतात की आमच्यासाठी माणूस पहिला, उत्पादन नंतर. मग आग, मग वीज, मग प्रेस, मग पुन्हा साहेब. पाचव्या मिनिटाला पोरं पेंगायला लागतात, कारण रात्रभर एसटीनं आलेली असतात. आमची पोरं गेवराईहून, पाथर्डीहून, शिरूर कासारहून येतात. पिशवीत बाजरीची भाकरी आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स. व्हिडिओ संपतो, दिवे लागतात आणि तेव्हा खोलीतला खरा कार्यक्रम सुरू होतो. रजिस्टर फिरतं. नाव, टोकन नंबर, ‘प्रशिक्षण समजले’, सही. या सहीसाठी बाकीची अठरा मिनिटं असतात, हे मला कळायला तीन आठवडे लागले.

तिसऱ्या आठवड्यात आमच्याच खेपेतल्या एका पोराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. प्रेस म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली साचा, वर साचा, मध्ये पत्रा. वरचा साचा आदळतो आणि पत्र्याचा पार्ट होतो. मध्ये बोट असेल तर बोटाचाही होतो. म्हणून चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे तेवढ्यापुरते तरी दोन्ही हात बाहेर राहतात. व्हिडिओत तो गोरा माणूस हसत हसत दोन्ही बटणं दाबतो. आमच्या लाइनवर डावं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं माल. तासाचा आकडा असा गाठला जायचा, आणि आकडा फळ्यावर खडूनं लिहिलेला असायचा, सुपरवायझरच्या डोक्याच्या बरोबर मागं. चिकटपट्टी कुणी लावली ते कुणालाच माहीत नव्हतं. ती फाटली की नवी मात्र स्टोअरमधून मिळायची.

पोरगं ओरडलं तेव्हा मी दोन मशीन पलीकडं होतो. मशीन थांबली, कुणीतरी कापडाचा बोळा दिला, कुणी गाडी बघायला धावला. गाडी यायच्या आधी रजिस्टर आलं. ऑफिसातल्या माणसानं पान उलटून बोट ठेवलं: हा बघा, याला ट्रेनिंग दिलेलं आहे, व्हिडिओ दाखवलेला आहे, मराठीत दाखवलेला आहे, सही आहे. सही खरंच होती, आणि ती त्या गेलेल्या बोटांनीच केलेली होती. व्हिडिओतला आवाज माझा. त्या दिवशी मला समजलं की मी शिक्षक नव्हतो, साक्षीदार होतो. आणि साक्ष मालकाकडून.

आता मला कुणी म्हणेल की हे एका कारखान्याचं झालं, त्यावरून सगळ्यांना झोडू नये. झोडतो. ऑटोमोबाइलच्या पुरवठादार कारखान्यांमध्ये जखमी झालेल्या कामगारांबरोबर काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था २०१९ पासून अहवाल काढते. अहवालाचं नावच ‘क्रश्ड’, म्हणजे चिरडलेले. गुरुग्राम-फरिदाबादपासून सुरू झालेलं हे काम आता आपल्या महाराष्ट्रापर्यंत आलेलं आहे. वर्षामागून वर्षं त्यात तीच गोष्ट: हात, बोटं, पॉवर प्रेस, ठेक्यावरचा परगावचा माणूस. मोठ्या गाडीच्या मोठ्या कंपनीत सगळं चकाचक असतं. बोटं तुटतात ती तिला पार्ट पुरवणाऱ्याला पुरवणाऱ्याच्या शेडमध्ये.

खरं तर शिकवून घेणं हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात आला होता, आणि त्यासाठी केवढी किंमत मोजली गेली होती. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. तिथल्या यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि ती चालवणाऱ्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १११-अ आलं. धोक्याची माहिती मालकाकडून मागण्याचा आणि सुरक्षेचं प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क कामगाराला आहे, असं त्यात सांगितलं. हजारो माणसं मेल्यावर आलेल्या त्या हक्काचं आम्ही काय केलं, तर पावती केली. हक्क कामगाराचा, पावतीवर सही कामगाराची आणि पावती मालकाच्या कपाटात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदाही गेला, चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या कायद्यात मुळात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना धरत. नव्या व्याख्येत वीस लागतात. म्हणजे आमच्याकडच्या छोट्या शेडमध्ये अकरा माणसं प्रेसवर असतील तर तो कारखानाच नाही. बोट मात्र अजून बोटच आहे.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून. आमच्या कारखान्यात त्या आठवड्यात गेटावर फ्लेक्स लागायचा, छातीवर हिरवी फीत टाचायची, हात पुढं करून शपथ घ्यायची आणि घोषवाक्य स्पर्धा व्हायची. एका वर्षी पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा, ऑफिसातल्या कारकुनाला मिळालं. तो आयुष्यात लाइनवर आला नव्हता. त्याचं घोषवाक्य छान होतं, यमक जुळलेलं. चिकटपट्टीला यमक सुचलं नसावं.

सुरक्षेच्या अभ्यासाची एक साधी उतरंड आहे, कुठल्याही सेफ्टी ऑफिसरला झोपेत विचारा. पहिला उपाय, धोकाच काढून टाका. तो निघत नसेल तर कमी धोक्याची वस्तू आणा. तेही जमत नसेल तर यंत्राला जाळी लावा, हात पोहोचणारच नाही असं करा. मग कामाची पद्धत बदला, शिकवा, पाट्या लावा. आणि अगदी शेवटी हातमोजे आणि हेल्मेट. वरच्या पायऱ्यांना मालकाचा पैसा लागतो, खालच्यांना कामगाराची सावधगिरी. व्हिडिओ नेहमी खालच्या पायऱ्यांवरून बोलतो. ‘दक्ष राहा, सतर्क राहा, लक्ष द्या.’ बारा तासांच्या पाळीच्या अकराव्या तासाला दक्ष राहायला माणूस काय वाघ्या मुरळी आहे जागरणाला उभा राहायला?

ही उतरंड मला पुस्तकातून नाही, मळणी यंत्रावरून कळली. लहानपणापासून गावात आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांवर सदऱ्याची एक बाही मोकळी लोंबणारी माणसं मी बघत आलोय. खळ्यावर मळणी यंत्र चालू, बाजरीची कणसं नाहीतर तुरीचा घास तोंडाशी सारायचा, घास अडकतो, माणूस हातानं ढकलतो आणि हातासकट जातो. कधी उपरणं जातं, कधी पदर. हे फक्त आमच्याकडं नव्हतं. हरित क्रांतीनंतर पंजाब-हरियाणाकडं मळणी यंत्रांनी इतके हात घेतले की १९८३ मध्ये संसदेला ‘धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा’ करावा लागला, मळणी यंत्रांसाठी. या यंत्राच्या तोंडासाठी भारतीय मानकही आहे: घास सारायची पत्र्याची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला. बस्स, एवढंच. माणसाचा हात तेवढ्या आत जात नाही. त्या पत्र्याला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही, तो सामूहिक जबाबदारीवर बोलत नाही. पण दारू पिऊन आलेल्याचा, उपाशी असलेल्याचा, रात्रभर पाणी धरून पेंगलेल्याचा, सगळ्यांचा हात तो वाचवतो. हाताला जपा म्हणून शंभर व्हिडिओ काढण्यापेक्षा हा हातभर पत्रा मला शहाणा वाटतो. आणि आमच्याकडं तो पत्रा यंत्र नेता-आणताना अडचणीचा होतो म्हणून कापून टाकतात.

हातमोज्यांचंही एक सांगतो. ३१ डिसेंबर २०२३ ची पहाट, वाळूज एमआयडीसी. एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले, परराज्यातून आलेले. कारखाना कसला होता? हातमोजे बनवायचा.

इथवर मी त्यांच्याबद्दल बोललो ज्यांच्या नशिबी निदान व्हिडिओ तरी आहे. आता ज्यांच्या नशिबी तेवढाही नाही त्यांच्याकडं येतो, कारण मी मूळचा त्यांच्यातला.

दसरा झाला की आमची गावं रिकामी होतात. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं सांगली, सातारा, कोल्हापूर, पार बेळगावकडं ऊस तोडायला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि कुत्री. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. माणसाला हत्याराच्या नावानं मोजणारा हा धंदा आहे, त्यात सुरक्षेची भाषा कुठून येणार? एकटी बाई असली तर ती ‘अर्धा कोयता’. पहाटे चारला उठून थंडीत फडात शिरायचं. पाचटाच्या पात्यांनी हात-तोंड कापतं, कोयता निसटला तर नडगीवर नाहीतर पायाच्या बोटावर येतो, पाचटात साप असतो. दिवसभर तोडून, मोळ्या बांधून झाल्या की गाडी भरायची. गाडी कधी येईल ते साखर कारखान्याच्या मर्जीवर, बऱ्याचदा रात्री. ट्रकला फळी लावलेली असते, बोटभर जाडीची आणि जेमतेम दोन पावलांची. डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढायचं, टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. बाई पाच महिन्यांची गरोदर असो नाहीतर सात. खाली अंधार, वर अंधार, मध्ये ट्रॅक्टरच्या दिव्याचा एक पट्टा.

हे कामाचं ठिकाण नव्हे काय? कायद्याच्या व्याख्येत नव्हे. शेत म्हणजे कारखाना नाही. साखर कारखान्याला विचारा, तो म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो मी तर मधला माणूस, ऊस कारखान्याचा. ज्याचा ऊस तो शेतकरी म्हणतो मी तर नुसता ऊस देणारा. कुणीच मालक नाही, म्हणून कुणालाच ट्रेनिंग द्यायचं नाही, म्हणून रजिस्टर नाही, म्हणून ऊसतोडीतला अपघात कुठल्याही रकान्यात जात नाही. एका अर्थी हा कारभार प्रेसवाल्या शेडपेक्षा प्रामाणिक म्हणायचा. तिथं सही घेऊन हात झटकतात, इथं सहीसुद्धा घेत नाहीत.

आणि ज्याला अपघात म्हणतच नाहीत त्याचं काय? २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय गाजला तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. एक दिवस कामाला आली नाही की ‘खाडा’ पडतो, दंड उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेल्या पैशात, चढतो. पाळीच्या दुखण्यात खाडे पाडण्यापेक्षा पिशवीच काढून टाकलेली बरी, असा हिशोब एका बाईनं नव्हे, गावच्या गावांनी केला, आणि तो करायला मदत करणारे डॉक्टर शहरात बोर्ड लावून बसलेले होते. इथं सुरक्षेची उतरंड उलटी लागू झाली बघा. धोका काढून टाकायचा होता, तर माणसाचा अवयवच काढून टाकला.

उसाचं झालं, आता कापसाचं: २०१७ चं यवतमाळ आठवा. कापूस डोक्याएवढा वाढलेला, फवारणी करणाऱ्याच्या तोंडावर औषध उडत होतं. त्या एका जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यानंतर मास्क वाटले, हातमोजे वाटले, चष्मे वाटले, काय करावं आणि काय करू नये याची प्रात्यक्षिकं झाली, पडद्यावर दाखवलं गेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, उभ्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन प्लास्टिकचा तो पोशाख ज्यानं अर्धा तास घालून दाखवला असा एक अधिकारी मला भेटवा, मी त्याचा चकलांब्याच्या वेशीत सत्कार करतो. बाटलीवर तांबडा त्रिकोण असतो, म्हणजे अतिजहाल. सोबतच्या घडीपत्रकात मराठीही असते, इतक्या बारीक अक्षरात की वाचायला भिंग लागावं. ती मराठी माझ्या ओळखीची आहे. ‘परिधान सुनिश्चित’वाल्याच घराण्यातली. त्रिकोणाचा रंग बदलायला हवा होता, माणसाला रंगाचा अर्थ शिकवला गेला.

आता कुणी म्हणेल हा माणूस व्हिडिओच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. मी व्हिडिओवर जगतो. मोटारीला स्टार्टर कसा जोडावा ते मी व्हिडिओ बघून शिकलो, बायकोला वांग्याचं भरीत सोडून दुसरं काही जमायला लागलं तेही त्यानंच. आमच्याकडं घरात पिण्याचं पाणी नसेल, मोबाइलमध्ये दिवसाला दीड जीबी असतं. फडातली पोरंसुद्धा रात्री कोपीत पडून रील बघतात. दोन ट्रॉल्या ऊस भरून, मागं रिफ्लेक्टर नाही, डेकवर गाणं ठणाणा लावून ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचलणारी पोरं आमच्या भागात हिरो झालेली आहेत. मरायचं कसं ते शिकवायला व्हिडिओ उत्तम चालतो, तर वाचायचं कसं ते शिकवायला का चालू नये?

चालतो. करून दाखवलेलं आहे, आणि आपल्याच देशात. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेनं १९८४ मध्ये आपल्या बायकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा दिला. भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बाया, त्यातल्या कितीतरींना लिहितावाचता येत नव्हतं. मार्था स्टुअर्ट नावाची अमेरिकी बाई येऊन शिकवून गेली आणि पुढं या बायकांनी आपल्या कामाच्या, आपल्या हक्कांच्या फिल्म स्वतः काढल्या, आपल्यासारख्याच बायांना दाखवल्या. बावीस वर्षांनी, २००६ मध्ये, बेंगळुरूला ‘डिजिटल ग्रीन’चं काम सुरू झालं. शेतकऱ्यानंच आपल्या शेतात काय केलं ते सांगायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि रात्री गावात दाखवायचा. पण नुसता लावून निघून जायचं नाही. गावातलाच एक माणूस शेजारी उभा, मध्येच थांबवणार, विचारणार, पुन्हा दाखवणार. जुन्या पद्धतीनं अधिकारी गावोगाव हिंडून सांगत त्याच्या तुलनेत नवी पद्धत उचलणारे शेतकरी सात पट झाले, आणि तेवढ्याच पैशात परिणाम दहा पट. त्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आकडे नव्हेत. पडद्यावर माणूस दिसला की बघणारे आधी काय विचारायचे, तर हा कोणत्या गावचा? शेजारच्या गावचा असला तर विश्वास, साहेब असला तर जांभई.

इंग्लंडात तर १९७७ मध्ये सरकारनं शेतावरच्या अपघातांवर शाळेच्या मुलांसाठी ‘अपाचेस’ नावाचा लघुपट काढला. शेतावर खेळणारी मुलं एकेक करून मरतात, ट्रॅक्टरखाली, विष पिऊन, शेणाच्या खड्ड्यात. टाय लावलेला साहेब त्यात कुठंही येत नाही. ज्यांनी तो लहानपणी पाहिला ते आता साठीला आले, त्यांना तो अजून आठवतो म्हणे. आमच्याकडं ट्रॉलीखाली झोपवलेली लेकरं ट्रॉलीच्या चाकाखाली जातात, त्याची दोन ओळींची बातमी येते, सातव्या पानावर.

मग इथं का होत नाही? पैसा नाही असं सांगू नका. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असा नियम आहे, आणि महाराष्ट्रात ऊस किती टन गाळला जातो ते गाळपाच्या बातम्या रोज छापणाऱ्यांना विचारा. एका मोबाइलवर एका मिनिटाची फिल्म निघते. तिला सिनेमावाला लागत नाही. तिच्यात फडातली बाई पाहिजे, आमच्या बोलीत बोलणारी. पण तशी फिल्म निघाली की ती गप्प बसणार नाही, हीच अडचण आहे. फळीवरून कसं चढावं हे सांगता सांगता ती विचारेल की फळी एवढी अरुंद का, रात्रीच भरायचं का, उजेड का नाही, दवाखान्याला गाडी कोण देणार. प्रेसवरचा पोरगा सांगेल ती चिकटपट्टी कुणी दिली. कामगाराच्या तोंडून बोलणारा व्हिडिओ कपाटात ठेवायच्या लायकीचा राहत नाही. म्हणून आवाज माझा घेतात आणि शब्द यंत्राचे.

व्हिडिओ मुकादमाकडंही आहे बरं का. हल्ली उचल देताना मोबाइल समोर धरतो. नाव सांग. गाव सांग. किती घेतले सांग. नोटा दोन्ही हातांनी वर धर. मग स्टँपपेपरवर अंगठा. माझ्या चुलतीचे तीस हंगाम ऊसतोडीत गेले. तिच्या कामाचा कुणी कधी फोटो काढला नाही. तिची जी फिल्म आहे ती एवढीच, दोन्ही हातांत नोटा धरलेली.

मागच्या दिवाळीत, गाडी निघायच्या आदल्या दिवशी, मी तिला म्हणालो, “काकू, जरा कोयता घेऊन उभी राहा, मला दाखव कसं तोडती.” ती हसली. “काय करायलास रं? माह्यासारख्या म्हातारीला टीव्हीत घालतो का?” पण उभी राहिली. अंगणात ऊस नव्हता, तर तिनं बाजरीचं सरमाड धरलं. डाव्या हातात नवऱ्याचा जुना पायमोजा चढवला, त्याची बोटं कापलेली, मग बोलायला लागली. पाय कधी कोयत्याच्या रेषेत ठेवू नाही, मागं घ्यावा, आडवा. पाचटात हात घालायच्या आधी कोयत्याच्या पाठीनं दोनदा बडवावं, जनावर असलं तर निघून जातं. दहिवरानं फळी ओली असली तर दोन मुठी माती टाकावी, मुकादम काही म्हणाला तर म्हणू द्यावं. नवीन पोरीला पहिल्या दिवशी गाडीवर चढवू नाही, खालून मोळ्या देऊ द्यावं. चाळीस सेकंदांत तिनं माझ्या अठरा मिनिटांचं तेरावं घातलं.

मी मोबाइल खाली घेतला. तिनं पायमोजा काढला, तळहात लुगड्याला पुसला आणि अंगठा वर धरून विचारलं, “आन् आता कुठं करायचा?”